नवी डिस्क, नवा प्लेअर आणि दोघांचं जमत नाही तेव्हा

"प्लेअरच खराब निघाला," म्हणत आपण खोकं काखेत मारून दुकानात जातो. काउंटरवरचा मुलगा ड्रॉवरमधून त्याची ठरलेली हिंदी गाण्यांची डीव्हीडी काढतो, फुंकर मारून ट्रेमध्ये ठेवतो, आणि ती मेली झकास चालते. "बघा साहेब, प्लेअर ओके आहे." आपण तोंड पाडून घरी. माझं असं दोनदा झालंय. दुसऱ्या वेळी तर चूक शंभर टक्के माझीच होती. लंडनच्या मावसभावाने पाठवलेल्या ब्लू-रेच्या कव्हरवर, मागच्या बाजूला, षटकोनात ठसठशीत 'बी' छापलेलं होतं, म्हणजे डिस्क युरोपच्या भागासाठीची, आणि मी ते न बघता दुकानदाराशी हुज्जत घालत होतो.

ज्यांनी नुकताच ब्लू-रे किंवा ४के (ब्लू-रेचाच आणखी स्पष्ट चित्राचा प्रकार) डिस्क प्लेअर घेतला आहे, किंवा जुना प्लेअर पोटमाळ्यावरून खाली काढला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. दोष डिस्कचा, प्लेअरचा की दोघांच्या न जमण्याचा, हे घरीच ठरवा आणि मगच दुकानाची पायरी चढा. आणि हे ठरवत बसताना माल परत करायची मुदत निघून जाऊ देऊ नका. बहुतेकांचा घोळ या दुसऱ्या गोष्टीत होतो.

खोकं उघडण्याच्या दिवशी

माल परत करायची मुदत मोजतात ती माल हातात आल्यापासून, तुम्ही उघडल्यापासून नाही. दिवाळीत सवलतीत प्लेअर घ्यायचा, पाहुणे गेल्यावर बघू म्हणायचं आणि तुळशीचं लग्न लागल्यावर खोकं उघडायचं, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. तोवर ऑनलाइन दुकानाची सात किंवा दहा दिवसांची मुदत केव्हाच उलटलेली असते.

म्हणून आला त्याच दिवशी उघडा. उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. खोक्यावरचा सिरियल नंबर आणि प्लेअरच्या पाठीमागचा सिरियल नंबर दोन्ही त्यात दिसू द्या. थर्माकोल, प्लास्टिक पिशवी, रिमोटचे सेल ज्या पुडीत आले ती पुडी, सगळं ठेवा. बिलाचा फोटो काढा, कारण थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात कोरं होतं. मग घरात असतील तेवढ्या प्रकारच्या डिस्क लावून बघा: एक ऑडिओ सीडी, एक डीव्हीडी, एक ब्लू-रे, आणि प्लेअर ४के असेल तर एक ४के. ब्लू-रे नसेल तर कोणाकडून तरी उसनी आणा. नुसती डीव्हीडी चालली म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. का, ते पुढे येतंच.

डिस्कच्या कव्हरची मागची बाजू वाचा

दिसायला सगळ्या चकत्या सारख्याच, १२ सेंटिमीटरच्या. आतला माल मात्र वेगळा. सीडीत साधारण ७०० एमबी, डीव्हीडीत एका थरात ४.७ जीबी, ब्लू-रेत एका थरात २५ आणि दोन थरांत ५० जीबी. २०१६ साली आलेल्या ४के ब्लू-रेत बहुधा ६६ किंवा १०० जीबी, आणि १०० जीबीची म्हणजे तीन थरांची. खालच्या प्रकारची डिस्क वरच्या प्लेअरवर सहसा चालते, उलट कधीच नाही. ४के डिस्क साध्या ब्लू-रे प्लेअरवर चालणार नाही, आणि कुठलंही अपडेट तिला चालवू शकणार नाही. खोक्याचा रंग बघा: ब्लू-रेचं कव्हर निळं, ४केचं काळं. बऱ्याच काळ्या खोक्यांत दोन डिस्क असतात, एक ४के आणि एक साधी ब्लू-रे. लोक नेमकी चुकीची उचलतात.

गेमिंग कन्सोलवाल्यांसाठी दोन शब्द. प्लेस्टेशन ४ प्रोच्या नावापुढे ४केचा गाजावाजा असला तरी तो ४के डिस्क वाचत नाही. प्लेस्टेशन ५ (ड्राइव्ह असलेला) वाचतो, पण त्यावर साधी ऑडिओ सीडी चालत नाही. एक्सबॉक्स वन एस, वन एक्स आणि सीरिज एक्स ४के डिस्क चालवतात. सीरिज एसला ड्राइव्हच नाही.

आता रीजन. सिनेमा कंपन्यांनी जगाचे तुकडे पाडलेत, एका तुकड्याची डिस्क दुसऱ्या तुकड्याच्या प्लेअरवर सहसा चालत नाही, आणि डीव्हीडीचे तुकडे वेगळे, ब्लू-रेचे वेगळे. डीव्हीडीत भारत ५ नंबरात, अमेरिका १, ब्रिटन आणि युरोप २, ऑस्ट्रेलिया ४. ब्लू-रेत तीनच भाग: अमेरिका आणि जपान 'ए', युरोप, आखात आणि ऑस्ट्रेलिया 'बी', आणि भारत 'सी', आपल्यासोबत चीन आणि रशिया. ४के डिस्कला रीजनच नाही, हे एक बरं केलंय. त्यामुळे परदेशातून मागवायचंच असेल तर ४के मागवणं सोयीचं. डीव्हीडीच्या कव्हरवर पृथ्वीच्या गोलात आकडा असतो, ब्लू-रेच्या कव्हरवर षटकोनात अक्षर. 'ऑल' किंवा तिन्ही अक्षरं असतील तर चिंता नाही. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हला रीजन बदलता येतो, पण मोजून पाच वेळा. पाचव्या वेळी जो ठेवाल तो कायमचा.

परदेशात राहणाऱ्यांचा त्रास आणखी वेगळा. इथून नेलेल्या नाटकांच्या आणि सिनेमांच्या डीव्हीडीवर रीजन 'ऑल' असला तरी चित्राची पद्धत पाल असू शकते: सेकंदाला २५ चित्रं, ५७६ ओळी. अमेरिकेत एनटीएससी, ४८० ओळी. भारतातले प्लेअर दोन्ही निमूट चालवतात. अमेरिकेत विकले जाणारे बरेच प्लेअर पाल म्हटलं की हात वर करतात. न्यू जर्सीला आईबाबांकडून नाटकांच्या डीव्हीडी मागवण्याआधी कव्हरवर पाल आहे की एनटीएससी, ते विचारून घ्या. आणि तिकडचा प्लेअर इकडे आणणार असाल तर पाठीमागचा व्होल्टेज वाचा. नुसतं १२० व्होल्ट लिहिलेलं यंत्र आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये घातलं, की मग पुढची कुठलीच पायरी वाचायची गरज उरत नाही.

व्हीसीडीचं दुःख तर विचारू नका. २००० नंतरच्या दशकात मराठी नाटकं, कीर्तनं, बालनाट्यं व्हीसीडीवर ढिगाने आली. घराघरात त्यांचे गठ्ठे आहेत. पण नव्या प्लेअरपैकी अनेकांनी व्हीसीडी वाचणं सोडून दिलंय. मॅन्युअलच्या शेवटी 'चालणाऱ्या डिस्क' अशी यादी असते. त्यात व्हीसीडी नसेल तर प्लेअर सदोष नाही, आणि दुकानदार परत घेणार नाही म्हणाला तर त्याचं बरोबर आहे. विकत घेण्याआधी विचारायचा प्रश्न आहे हा.

दोष कोणाचा? अदलाबदल करून बघा

डॉक्टर जसा एकेक शक्यता काढून टाकतो, तसं करायचं. न चालणारी डिस्क दुसऱ्या प्लेअरवर लावा. त्याच प्रकारच्या आणखी दोन डिस्क तुमच्या प्लेअरवर लावा. बस. जे दिसेल ते वहीत लिहा, तारखेसकट.

एकच डिस्क, दोन्ही प्लेअरवर, एकाच ठिकाणी अडकते: डिस्क खराब.

प्लेअर सगळ्या ब्लू-रे न वाचता बाहेर काढतो पण डीव्हीडी आणि सीडी छान चालतात: प्लेअर खराब, आणि हीच ती गोष्ट जी दुकानातल्या मुलाला कळत नाही. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड लेझर लागतो, डीव्हीडीला ६५० चा लाल, ब्लू-रेला ४०५ चा जांभळा. एका डबीत तीन दिवे समजा. जांभळा विझला तरी लाल पेटतोच. त्यामुळे त्याने डीव्हीडी चालवून दाखवली की "माझी तक्रार ब्लू-रेची आहे, ब्लू-रे लावून दाखवा" एवढंच म्हणायचं. त्याच्याकडे ब्लू-रे नसतेच. म्हणून आपली घेऊन जायची.

जुन्या ब्लू-रे चालतात, या वर्षी आलेली चालत नाही, आणि तीच डिस्क मित्राकडे चालते: इथे फर्मवेअरचा, म्हणजे प्लेअरच्या आतल्या प्रोग्रॅमचा संशय घ्यायचा.

आणि लग्नाची डिस्क. "आमच्या लग्नाची डीव्हीडी नव्या प्लेअरवर चालत नाही" ही तक्रार मला नात्यातून वर्षाला एकदा तरी येते. ती छापलेली नाही, फोटोग्राफरने संगणकावर लिहिलेली (बर्न केलेली) डिस्क आहे. कधी त्याने ती फायनलाइझच केलेली नसते, म्हणजे शेवटचं शिवण घातलेलं नसतं, आणि ती फक्त त्याच्याच यंत्रावर चालते. कधी आतला रासायनिक रंग वीस वर्षांत उडालेला असतो. अशी डिस्क संगणकाच्या ड्राइव्हमध्ये वाचली जात असेल तर आजच्या आज हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, दुसऱ्या प्रयत्नाची वाट बघू नका.

ट्यूबलाइटखाली तिरकी धरा

माझ्या ४के प्लेअरचा पहिला झगडा सांगतो. शंभर जीबीची नवी डिस्क, अजून प्लास्टिकचा वास येत होता. एक तास नऊ मिनिटांनी चित्र थिजलं. पुन्हा लावली, पुन्हा एक तास नऊ. मी अर्थातच प्लेअरला शिव्या दिल्या. मग डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरली तेव्हा कडेला, अगदी बाहेरच्या काठाशी, अर्ध्या अंगठ्याचा ठसा दिसला. शेंगदाण्याची चटणी खाल्लेला अंगठा. पुसला, आणि एक तास नऊ मिनिटं कधी गेली कळलं नाही.

यामागे कारण आहे. डिस्क आतून बाहेर वाचली जाते, एलपी रेकॉर्डच्या उलट. पहिला थर बाहेरच्या काठाशी संपला की लेझर दुसऱ्या थरावर उडी मारतो. म्हणजे सिनेमाच्या मधोमध अडकणारी डिस्क बहुधा काठाशी घाण असते, कारण आपण धरतोही काठाशीच. शिवाय सीडीत माहितीचा थर पृष्ठभागाखाली १.२ मिलिमीटर असतो, डीव्हीडीत ०.६, ब्लू-रेत अवघा ०.१. डीव्हीडी जो डाग पचवते तो ब्लू-रेला पचत नाही.

पुसायची पद्धत: चष्म्याचं मऊ फडकं घ्या, किंचित ओलं, आणि मधल्या भोकापासून बाहेरच्या काठाकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल नाही. गोल पुसताना ओरखडा पडला तर तो माहितीच्या रेघेबरोबर धावतो आणि सलग मजकूर खातो. आडवा ओरखडा प्लेअर सांभाळून घेतो. टूथपेस्ट चोळायचा घरगुती उपाय जुन्या सीडीवर कधीकधी लागू पडायचा. ब्लू-रेच्या वर खास कडक लेप असतो, तो टूथपेस्टने खरवडून काढू नका.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कागदी पाकिटातल्या डिस्कवर बुरशी धरते. आणि एसी गाडीतून प्लेअर घरात आणून लगेच लावला तर लेन्सवर दव जमतं. तास-दोन तास तसाच ठेवा, मग चालू करा. काही 'पहिल्या दिवशीचे बिघाड' एवढ्याने जातात.

डिस्क फिरते पण पडदा काळा

ही डिस्कची भानगडच नाही, केबलची आणि टीव्हीची आहे. ४के डिस्कच्या संरक्षणाला एचडीसीपी २.२ (केबलमधून नक्कल होऊ नये म्हणून असलेलं कुलूप) लागतं, आणि टीव्हीचं ते पोर्ट आणि मध्ये ठेवलेला साउंडबार, दोघांनाही ते कळलं पाहिजे. आधी साउंडबार काढून प्लेअर थेट टीव्हीला जोडा. चाललं तर दोषी सापडला. नाही चाललं तर प्लेअरसोबत न आलेली, घरात पडलेली जुनी एचडीएमआय केबल बदला. ४केला १८ जीबीपीएस (सेकंदाला १८ गिगाबिट) झेपणारी हवी. टीव्हीत त्या पोर्टचं एक स्विच असतं आणि ते बऱ्याचदा बंदच येतं: सोनीत 'एन्हान्स्ड फॉरमॅट', सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीत 'अल्ट्रा एचडी डीप कलर'. ते चालू करा.

फर्मवेअर: केव्हा, आणि केव्हा अजिबात नाही

डीव्हीडी ही बऱ्यापैकी भोळी वस्तू. ब्लू-रे डिस्क म्हणजे मात्र लहानसा संगणक प्रोग्रॅमच. तिचा मेनू बऱ्याचदा जावा या संगणकी भाषेत लिहिलेला असतो, आणि सिनेमाला एएसीएस नावाचं कुलूप असतं, काहींना वर बीडी प्लस नावाचं दुसरं. कुलूप नवं आलं आणि प्लेअरमधला प्रोग्रॅम जुना राहिला की दार उघडत नाही. एप्रिल २०१० मध्ये 'अवतार' ब्लू-रेवर आला तेव्हा अनेक प्लेअरांवर तो चालेना. लोकांनी डिस्क बदलून आणल्या, त्याही चालेनात. कंपन्यांनी नवं फर्मवेअर दिल्यावर त्याच डिस्क चालल्या. म्हणजे अपडेटचा सल्ला दरवेळी टोलवाटोलवी असते असं नाही.

पण अपडेट करण्याआधी पाच मिनिटांचं एक काम. प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'बीडी डेटा' किंवा 'बीडी-लाइव्ह डेटा' (ब्लू-रे डिस्कनी प्लेअरमध्ये साठवलेली माहिती) पुसायचा पर्याय शोधा आणि पुसा. बीडी-लाइव्हचं इंटरनेट बंद करा. बऱ्याच डिस्क सुरुवातीला कंपनीच्या सर्व्हरला हाक मारतात, सर्व्हर केव्हाच बंद झालेला असतो, आणि चक्र फिरतच राहतं. मग वायर भिंतीतून काढा, रिमोटने बंद करणं नव्हे, आणि दहा मिनिटांनी लावा. याने न सुटलं तर अपडेट.

सेटअपमधल्या 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये जाऊन सध्याची आवृत्ती लिहून घ्या. पाठीमागच्या पट्टीवरून पूर्ण मॉडेल नंबर लिहा, शेवटच्या दोन अक्षरांसकट, कारण ती अक्षरं देश सांगतात. एकाच मॉडेलची युरोपची आणि आशियाची फाइल वेगळी असू शकते. फाइल घ्यायची ती कंपनीच्या आपल्या देशाच्या सपोर्ट पानावरूनच. 'सगळ्या प्लेअरचं फर्मवेअर' देणाऱ्या भलत्या साइट मोकाट सुटल्यात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

प्लेअर वाय-फायला जोडलेला असेल तर तो स्वतःच अपडेट उतरवतो, आणि नवख्याला तेच सोपं. मला स्वतःला पेन ड्राइव्ह जास्त भरवशाचा वाटतो, कारण मधेच वाय-फाय गेलं तरी काही बिघडत नाही. पेन ड्राइव्ह लहान घ्या, एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा; ६४ जीबीचा ड्राइव्ह बहुधा एक्सफॅटमध्ये येतो आणि बरेच प्लेअर त्याला ओळखतच नाहीत. उतरलेली झिप फाइल संगणकावर उघडा, झिप तशीच टाकू नका. आतून फोल्डर निघालं तर फोल्डरसकट टाका. फाइल निघाली तर बाहेरच ठेवा, आपलं फोल्डर करून त्यात घालू नका. नाव बदलू नका. इथे एक गंमत होते: तीच फाइल तुम्ही दोनदा उतरवली असेल तर ब्राउझर नावापुढे कंसात १ लावतो, आणि प्लेअर "अपडेट सापडलं नाही" म्हणतो. मी यात एक रविवार घालवलाय.

ट्रेमधली डिस्क काढा. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर प्लेअर इन्व्हर्टरवर लावा, कारण अपडेट अर्ध्यावर असताना लाइट गेली तर यंत्राचा दगड होऊ शकतो आणि मग सर्व्हिस सेंटरशिवाय गत्यंतर नाही. पडदा काळा होईल, डिस्प्लेवर आकडे पळतील, पाच-दहा मिनिटं काहीच हलणार नाही. हात लावू नका. प्लेअर स्वतः बंद-चालू झाला की आवृत्ती पुन्हा तपासा आणि तीच डिस्क, त्याच जागी लावून बघा. दुसरी लावून "चाललं" म्हणू नका.

आता केव्हा करू नये. सगळं सुरळीत चाललंय आणि पडद्यावर "नवं अपडेट आहे" आलं म्हणून लगेच करायची घाई नको. मागे जायची सोय बहुतेक प्लेअरांत नसते. ऑनलाइन जोडून ठेवण्याची जोखीमही असते. जून २०२० मध्ये जगभरातले सॅमसंगचे ब्लू-रे प्लेअर एका सकाळी आपोआप बंद-चालू, बंद-चालू व्हायला लागले. कोणी काही बटण दाबलं नव्हतं. इंटरनेटवरून उतरलेल्या एका सदोष फाइलचा तो प्रताप होता, आणि यंत्रं दुरुस्तीला पाठवावी लागली. तेव्हापासून माझा प्लेअर वाय-फायला जोडलेला नाही. गरज पडली की पेन ड्राइव्ह.

संगणकावर डिस्क बघणाऱ्यांना एक सूचना: तिथे प्लेअर म्हणजे सॉफ्टवेअर, आणि त्याच्या किल्ल्या मुदतीनंतर बाद होतात, म्हणून ते सतत अद्ययावत लागतं. ४के डिस्कसाठी तर इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स नावाची सोय लागायची, ती इंटेलने ११व्या पिढीपासून काढून टाकली. नव्या लॅपटॉपला ४के ड्राइव्ह घेण्यात पैसे घालू नका, वेगळा प्लेअर घ्या.

दुकानात

आता मुद्द्याचं. दुकान किंवा कंपनीचा फोनवरचा माणूस म्हणेल, "सर, आधी फर्मवेअर अपडेट करून बघा, पुढचं अपडेट येतंय." आपण सज्जनपणे थांबतो. पुढचं अपडेट महिन्याने येतं, फरक पडत नाही, आणि दुकानात गेल्यावर ऐकू येतं, "आता सात दिवस होऊन गेले, तुम्ही सर्व्हिस सेंटरला जा." माझ्या पहिल्या प्लेअरचं हेच झालं. म्हणून अपडेट करा जरूर, पण तक्रार आधी नोंदवा. तक्रारीचा नंबर मिळाला की मुदतीत तक्रार केल्याचा पुरावा तुमच्याकडे राहतो, मग निवांत अपडेट करत बसा.

फोनवर बोलून सोडू नका. व्हॉट्सअॅप किंवा ईमेलवर लिहा, असं काहीतरी:

"आपल्या दुकानातून दि. ... रोजी बिल क्र. ... अन्वये घेतलेला ... मॉडेलचा प्लेअर (सिरियल क्र. ...) सदोष आहे. तीन वेगवेगळ्या ब्लू-रे डिस्क लावल्या असता तिन्ही न वाचता बाहेर येतात. त्याच डिस्क दुसऱ्या प्लेअरवर व्यवस्थित चालतात. डीव्हीडी चालते. फर्मवेअर दि. ... रोजी अद्ययावत केले, तरी फरक नाही. व्हिडिओ सोबत जोडला आहे. कृपया प्लेअर बदलून द्यावा अथवा पूर्ण रक्कम परत करावी, आणि केव्हा ते लेखी कळवावे."

रागाचं एकही वाक्य नाही, हे मुद्दाम. समोरचा हा मजकूर त्याच्या साहेबाला पुढे पाठवणार असतो. साहेबाला दोष कळला पाहिजे, तुमचा स्वभाव नव्हे.

बिलाच्या तळाशी "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापलेलं असतं. ते वाचून गर्भगळीत होऊ नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ (लागू २० जुलै २०२०) मध्ये अनुचित व्यापार प्रथांची यादी आहे, कलम २(४७). सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हे त्यात येतं: बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, मुदतच लिहिली नसेल तर ३० दिवसांत. मात्र वस्तू *सदोष* हवी. रंग आवडला नाही, बायकोला पटलं नाही, रीजन बघायला विसरलो, हे दोष नाहीत. तिथे दुकानदाराने परत घेतलं तर तो त्याचा चांगुलपणा.

ऑनलाइन घेतलं असेल तर २०२० चे ई-कॉमर्स नियम लागू. माल सदोष असेल किंवा पानावर लिहिल्यासारखा नसेल तर विक्रेता तो परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. पानावर 'ऑल रीजन' लिहिलं आणि डिस्क 'बी' निघाली, तर तक्रार रास्त. म्हणून ऑर्डर करतानाच पानाचा स्क्रीनशॉट घ्या, नंतर ते पान बदललेलं असतं. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निकाल द्यायचा असतो.

उघडलेल्या डिस्कच्या बाबतीत दुकानं जास्त ताठर, कारण त्यांना वाटतं तुम्ही उतरवून घेतली. तीच डिस्क बदलून मागा, पैसे नव्हे, आणि दोन प्लेअरवरचा व्हिडिओ दाखवा, सहसा मिळते. क्रेडिट नोट पुढे केली तर तिची मुदत वाचल्याशिवाय हो म्हणू नका.

पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड मला जीव की प्राण. पण तिथे बिलाशिवाय घेतलेला बाहेरून आलेला माल म्हणजे स्वस्ताई आणि बेवारस वस्तू एकत्र. कंपनी भारतातली वॉरंटी देत नाही, आणि बिल नाही तर ग्राहक आयोगासमोर दाखवायला काय आहे? हजार-दोन हजार वाचले म्हणून खूश व्हायचं असेल तर व्हा, पुढे रडू नका.

दुकान बधलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात, कारण मोठ्या कंपन्या तिथल्या तक्रारींना उत्तर देतात. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच काम करते आहे, तिचं मार्गदर्शन घ्या. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार चालते, आणि खरेदी ५ लाखांच्या आतली असेल तर फी नाही. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, दुकान बंगळुरूचं असलं तरी. मुदत दोन वर्षं. २०२५ च्या १ जानेवारीपासून ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते. तक्रारीत दुकानदार आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

बदलून मिळायचं ठरलं की प्लेअर खोक्यात घालण्याआधी फॅक्टरी रीसेट मारा, तुमचा वाय-फायचा पासवर्ड आणि सिनेमाच्या अॅपांची खाती आत असतात. मग वायर काढण्याआधी ट्रे उघडून बघा. वायर काढल्यावर ती उघडत नाही, आणि माझी ती एक तास नऊ मिनिटांवर अडकणारी डिस्क पुढच्या एका प्लेअरबरोबर अशीच सर्व्हिस सेंटरला गेली. परत आला तो नवा प्लेअर, रिकाम्या ट्रेचा.